सी ड्राइव्हचा सातबारा

दिवाळी अंकांचं काम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हातावेगळं झालं आणि मी लॅपटॉपकडे वळले. गेलं वर्षभर तो जागा कमी असल्याची कुरकुर करत होता. मी पुस्तकजुळणी आणि मुद्रितशोधनाचं काम करते, नाशिकला, घरूनच. जुन्या पुस्तकांची पानं सहाशे डीपीआयला स्कॅन करून ठेवायची सवय आहे, त्यामुळे डिस्क कधी भरली ते कळलंही नाही. लॅपटॉपवर उबंटू आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम; तिच्या २२.०४ या आवृत्तीवरून २४.०४ वर जायचं ठरवलं, तर त्यानं सरळ सांगितलं की डिस्कवर पुरेशी जागा नाही, अमुक इतकी मोकळी करा मग या.

मी जे सगळे करतात ते केलं. डाउनलोड झालेली जुनी पॅकेजं पुसली, स्नॅपच्या जुन्या आवृत्त्या काढल्या, लॉग कापले, कचरापेटी रिकामी केली. सहा जीबी हाती लागले. ते आठवडाभरात परत भरले.

पुण्याला भाचा असतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘मावशी, तू घर आवरत बसलीयेस, पण अर्धं घर कुणाच्या नावावर आहे ते बघितलंस का?’

बघितलं. २०१७ सालचा लॅपटॉप. मूळची एक टीबीची हार्ड डिस्क काढून २०२० मध्ये मी त्यात २५६ जीबीची एसएसडी बसवून घेतली होती. (खोक्यावर २५६, प्रत्यक्षात मशीन दाखवतं २३८. दुकानदारानं फसवलं असं मला बरेच दिवस वाटत होतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि मशीन १०२४ च्या, एवढाच तो फरक.) या २३८ पैकी १४८ जीबी विंडोजच्या सी ड्राइव्हला दिलेले आणि उबंटूच्या वाट्याला जेमतेम ८९. मी रोज काम करते उबंटूवर. विंडोज शेवटचं उघडलं होतं ऑगस्ट २०२४ मध्ये. म्हणजे सव्वा वर्ष राबणारा माणूस ओसरीवर आणि माजघराला कुलूप.

विंडोज ठेवलं कशाला होतं? दोन कारणं. एक, लॅपटॉपसोबत आलेलं, पैसे मोजलेले. पैसे मोजलेली वस्तू टाकवत नाही. दुसरं कारण खरं होतं. माझी २०१५ पर्यंतची सगळी जुळणी पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे. पेजमेकर सात २००१ साली आलं आणि त्यानंतर आठ कधी आलंच नाही, पण मराठी डीटीपीवाल्यांनी ते पुढे कितीतरी वर्षं सोडलं नाही. फाँटही युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या आधीचे, डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय न चालणारे. त्या फायली उबंटूत जशाच्या तशा उघडत नाहीत.

पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज दहाचा नेहमीचा आधार संपला. अकरा टाकावं म्हटलं तर माझा सातव्या पिढीचा आय फाइव्ह प्रोसेसर त्यांच्या यादीत बसत नाही. म्हणजे हे १४८ जीबी आता जागेवर वाढणार नाहीत, सुधारणार नाहीत, नुसते पडून राहणार. भाच्याला म्हटलं, ‘काढूया.’ तो म्हणाला, ‘काढायला दोन सेकंद लागतात. पण तू आधी त्यात काय आहे ते बघ.’

मला वाटलं, बघायला एक संध्याकाळ पुरेल.

सव्वा वर्षानं विंडोज सुरू केलं. वाय-फाय मुद्दाम बंद ठेवलं, नाहीतर अपडेट उतरवण्यातच रात्र गेली असती. संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि पडद्यावर दुपारचे दोन. हा साडेपाच तासांचा घोळ दोन सिस्टिम ठेवणाऱ्यांना चांगला ओळखीचा असतो. मशीनच्या आतलं घड्याळ उबंटू ग्रिनिचच्या वेळेवर ठेवतं आणि विंडोज ती वेळ इथलीच समजून वाचतं. भारतात बरोबर साडेपाच तास मागे. पूर्वी मी चिडून दर वेळी काटे फिरवायचे. या वेळी म्हटलं, राहू दे.

डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये, सी ड्राइव्हच्या मुळाशी केलेल्या ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘फायनल नवीन’ अशा फोल्डरांत मिळून पेजमेकरच्या एकसष्ट फायली निघाल्या. चार कवितासंग्रह, एका संस्थेचा सुवर्णमहोत्सवी स्मृतिग्रंथ, दोन दिवाळी अंकांची नऊ वर्षं, आणि बाकी लग्नपत्रिका, ज्यांतली काही जोडपी आता आजी-आजोबा व्हायच्या वाटेवर आहेत.

या फायली नुसत्या दुसऱ्या डिस्कवर उचलून ठेवणं म्हणजे कुलूपबंद पेटी ठेवून किल्ली फेकून देण्यासारखं होतं. जुन्या फाँटांची मेख अशी की त्यांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खणांत मराठी आकार भरलेले असतात: एका खणात अर्धा क, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. फाँट आहे तोवर पान देखणं दिसतं. फाँट गेला की त्याच पानावर रोमन अक्षरांचा आणि भलत्या चिन्हांचा खच. तेव्हा पहिलं काम, प्रत्येक फाइल उघडून पीडीएफ करायची, म्हणजे पान जसंच्या तसं गोठून राहील.

पीडीएफ झाल्या तरी मजकूर शोधता येईना, कारण आत तीच उसनी अक्षरं. म्हणून महत्त्वाच्या पुस्तकांचा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं. इथे माझे तीन आठवडे गेले. जुन्या फाँटांत आपण डोळ्यांना दिसेल त्या क्रमानं टंकायचो: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे वेलांटी नंतर आणि रफाराचा र आधी. कन्व्हर्टरला ही उलटापालट करायची असते आणि जोडाक्षर लांबलं की तो गोंधळतो. ‘सर्वांगीण’ ठीक येतं, पण ‘वर्ज्य’चा रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी गळालेला. एका कवितासंग्रहात ‘वाऱ्यावर’ हा शब्द अकरा वेळा आला आहे हे मला आता मरेपर्यंत लक्षात राहील. भाचा रोज विचारायचा, ‘मावशी, डिलीट मारलंस का?’ आणि मी सांगायचे, ‘अरे, अजून वाऱ्यावरच आहे.’

सगळी पुस्तकं नाही केली. चार संग्रह आणि स्मृतिग्रंथ केला. लग्नपत्रिकांचं पीडीएफवर भागवलं.

मग बॅकअप. जुनी एक टीबीची हार्ड डिस्क कपाटात होती, ती यूएसबीच्या केसमध्ये घालून घेतली. तिच्यावर आधी माझ्या उबंटूतलं सगळं काम उतरवलं. खरं तर कुऱ्हाड विंडोजवर पडणार होती, पण भाच्याचं म्हणणं असं की चूक होते ती नेहमी शेजारच्यावर. नंतर क्लोनझिला हा नक्कल काढणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन विंडोजच्या पार्टिशनची, म्हणजे डिस्कवरच्या त्याच्या वाट्याची, प्रतिमा काढली. क्लोनझिला भरलेली जागाच उचलतो आणि दाबून ठेवतो, त्यामुळे वापरातले ७१ जीबी ४३ जीबीत मावले. प्रतिमा काढून झाल्यावर ती परत उतरवता येईल का हे तपासून घेऊ का, असं तो विचारतो. तिथे कंटाळा करून नाही म्हणायचा मोह होतो, कारण रात्रीचा एक वाजलेला असतो. मी हो म्हटलं आणि झोपायला गेले.

आणखी एक सांगायला हवं. माझ्यासारख्या कंपनीकडून विंडोजसकट आलेल्या बहुतेक लॅपटॉपांत त्याच्या परवान्याची किल्ली मदरबोर्डावरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या आत कायम बसवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, कोरलेली असते. भाच्यानं उबंटूतल्या टर्मिनलमधूनच एक कमांड देऊन ती मला वाचून दाखवायला लावली. पंचवीस अक्षरं मी वहीत उतरवून घेतली. पार्टिशन काढलं म्हणून परवाना जात नाही, उद्या वाटलंच तर विंडोज परत टाकता येतं. हे कळल्यावर पहिलं कारण, म्हणजे पैसे मोजल्याचं, आपोआप निकालात निघालं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी बसले. रविवार एवढ्यासाठी की सोमवारी प्रकाशकांचे फोन सुरू होतात. सकाळ एवढ्यासाठी की लाइट गेलीच तर दिवसा इन्व्हर्टरवर पंखा-दिव्यांचा भार नसतो. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी वीस मिनिटांच्या पुढे टिकत नाही.

चालू असलेल्या सिस्टिमचं स्वतःचं पार्टिशन हलवता येत नाही; ज्या फांदीवर बसलोय तीच कशी सरकवणार. म्हणून उबंटूचा पेन ड्राइव्ह लावून, सुरू होताना एफ बारा दाबून, ‘ट्राय उबंटू’ निवडलं. त्यात जीपार्टेड, पार्टिशनं कापायचं-जोडायचं साधन, तयारच असतं. उघडलं आणि पहिल्याच मिनिटाला पोटात खड्डा पडला, कारण समोर दिसली ती माझी एसएसडी नव्हती. बॅकअपची एक टीबीची डिस्क यूएसबीला तशीच लटकलेली होती आणि वरच्या कोपऱ्यातल्या यादीत मी चुकून तीच निवडलेली. सगळी मेहनत जिच्यावर होती तीच. ती केबल मी ओढून काढली नाही एवढं भान राहिलं. नीट इजेक्ट केली, डिस्क पुन्हा कपाटात ठेवली, आणि चहा करायला गेले.

परत येऊन बघते तर आता यादीत एसएसडी आणि पेन ड्राइव्ह एवढंच. एसएसडीवर पाच तुकडे होते. पहिला शंभर एमबीचा, फॅट ३२, त्याच्यासमोर ‘बूट, ईएसपी’ असे झेंडे. दुसरा सोळा एमबीचा, विंडोजनं स्वतःसाठी राखलेला. तिसरा १४८ जीबीचा, एनटीएफएस: हाच सी. चौथा अर्ध्या जीबीचा, तोही एनटीएफएस, ‘हिडन’ झेंड्यासह: विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठीचा. पाचवा माझा, ईएक्सटी ४, ८९ जीबीचा.

भाचा व्हिडिओ कॉलवर होता. मी म्हटलं, ‘पहिले चारही विंडोजचेच ना? चारही काढते.’

‘थांब, पहिल्याला हात लावू नकोस!’ तो इतक्या जोरात ओरडला की मागून त्याची बायको विचारायला आली काय झालं. तो पहिला तुकडा बनवला विंडोजनं असला, तरी उबंटूचा ग्रब, म्हणजे त्याला सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, तोही त्यातच राहतो. मशीन सुरू झालं की फर्मवेअर आधी तिथे जातं आणि तिथून पुढचा पत्ता घेतं. तो काढला असता तर विंडोजही गेलं असतं आणि उबंटूही उठलं नसतं. वाड्याचा एक मालक गेला म्हणून सामाईक दिंडीदरवाजा पाडत नाहीत, असं मी त्याला म्हटलं. त्याला दिंडीदरवाजा काय ते कळलं नाही. तो हिंजवडीत राहतो.

दुसरा, तिसरा, चौथा निवडून डिलीट केले. पडद्यावर करड्या रंगाचा एक लांबलचक पट्टा उमटला. पण जीपार्टेडमध्ये एवढ्यानं काही होत नाही. आपण सांगितलेली कामं खाली रांगेत उभी राहतात. वरची हिरवी बरोबरची खूण दाबेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. खूण दाबली. भाचा म्हणाला होता दोन सेकंद. तेवढेही लागले नाहीत.

तीन आठवडे ज्याची भीती घेऊन बसले होते ते एवढ्यात आटोपलं, याचं मला जरा वाईटच वाटलं. भाचा म्हणाला, ‘अजून काही गेलेलं नाही. तू फक्त सातबाऱ्यावरचं नाव कमी केलंस. जमीन तिथेच आहे, पीकही उभं आहे.’ आता हे उदाहरण त्यानं बरोबर दिलं, कारण आमच्या घरात सातबारा सगळ्यांनाच तोंडपाठ आहे. आजोबांच्या जमिनीची वाटणी अजून सुरू आहे. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कच्या टोकाशी लिहिलेली छोटीशी नोंद: अमुक गट इथपासून इथपर्यंत. डिलीट म्हणजे ती ओळ खोडणं. आतल्या फायली जिथल्या तिथे असतात, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. टेस्टडिस्कसारखं साधन चालवून खोडलेली ओळ पुष्कळदा परत आणता येते. खरा नांगर फिरतो तो पुढच्या पायरीला.

आणि पुढची पायरी हाच खरा वादाचा मुद्दा होता. मोकळी झालेली जागा माझ्या उबंटूच्या डावीकडे होती. उजवीकडे असती तर पार्टिशनचं उजवं टोक ओढून लांबवायचं, मिनिटाभराचं काम. पण डावीकडे वाढायचं म्हणजे पार्टिशनची सुरुवातच सरकवायची, आणि त्यासाठी आतला सगळा माल उचलून नव्या जागी मांडायचा. बांध उजवीकडे सरकवताना उभ्या पिकाला धक्का लागत नाही. इथे मात्र विहिरीसकट सगळं शेत डावीकडे न्यायचं होतं. मध्येच लाइट गेली, पेन ड्राइव्ह हलला, मशीन झोपी गेलं, तर अर्धा माल इकडे आणि अर्धा तिकडे.

भाच्याचं मत स्पष्ट होतं. ‘मावशी, हलवू नकोस. मोकळ्या जागेत नवं पार्टिशन कर, त्यावर तुझे स्कॅन ठेव. काम तेच, जोखीम शून्य.’

तो बरोबर होता, हे मला तेव्हाही कळत होतं. कुणी मला विचारलं तर मी तेच सांगेन. पण माझं उबंटूचं मूळ पार्टिशन भरलं होतं, स्कॅन हलवून झाले की पुन्हा दोन खोल्या, पुन्हा एकीत गर्दी आणि दुसरीत रिकामं, पुन्हा कुठली वस्तू कुठे ठेवली ते आठवत बसायचं. मला एकच सलग जागा हवी होती. बॅकअप होता, तोही तपासलेला. वाईटात वाईट काय, तर उबंटू नव्यानं टाकायचं आणि काम परत उतरवायचं. एक दिवस गेला असता. म्हटलं, हलवते. तो म्हणाला, ‘ठीक आहे, पण मी फोनवर नसताना कर. माझ्याच्यानं बघवणार नाही.’

ठेवला फोन.

आधी सेटिंगमध्ये जाऊन मशीन आपोआप झोपणं बंद केलं. पेन ड्राइव्हवरून चाललेल्या उबंटूतही ते झोपायचं सेटिंग चालू असतं, हे लक्षात येत नाही. मग पाचव्या तुकड्यावर ‘रिसाइझ/मूव्ह’, त्याच्या चित्राचं डावं टोक धरून पार डावीकडे नेलं. जीपार्टेडनं इशारा दिला की पार्टिशन हलवल्यानं सिस्टिम सुरू न होण्याची शक्यता आहे. वाचला. हिरवी खूण.

आधी फाइल सिस्टिमची, म्हणजे पार्टिशनमधल्या फायलींच्या मांडणीची, तपासणी, मग हलवणं, मग वाढवणं, शेवटी पुन्हा तपासणी. पट्टी सरकत होती. पहिली दहा मिनिटं मी खुर्चीवरून हलले नाही. मग उगाच उठून इन्व्हर्टरचा दिवा बघून आले. टेबलाला धक्का लागू नये म्हणून मांजराला बाहेर काढलं. पंचविसाव्या मिनिटाला दाराची बेल वाजली, रद्दीवाला. त्याला नंतर ये म्हटलं, तर तो म्हणाला, ‘ताई, तुम्हीच बोलावलं होतं.’ बोलावलं होतं खरं. पेपरांचे गठ्ठे त्याला दारातच दिले, वजन त्यानं सांगितलं ते मान्य केलं. एरवी मी काटा बघितल्याशिवाय देत नाही.

लाइट गेली नाही. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. बावन्न मिनिटांनी ‘सर्व कामं यशस्वी’ अशा अर्थाची ओळ आली. पडद्यावर आता दोनच तुकडे: शंभर एमबीचा तो दिंडीदरवाजा आणि बाकी सगळा माझा. गंमत म्हणजे माझ्या पार्टिशनचा नंबर पाचच राहिला होता. दोन, तीन, चार गेले म्हणून तो काही दोन झाला नाही. ते बरंच झालं. त्याच्या फाइल सिस्टिमची लांबलचक ओळखही जशीच्या तशी राहते, आणि ग्रब त्या ओळखीवरूनच त्याला शोधतो. त्यामुळे जागा बदलली तरी तो हुडकून काढणार.

पेन ड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा सुरू केलं. ग्रबचा मेनू आला, उबंटू निवडलं, लोगो आला. आणि लोगोच राहिला.

मी वाट बघितली. खाली एक ओळ उमटली: अमुक ओळख असलेल्या डिस्कसाठी थांबलोय, आणि पुढे सेकंद मोजणारं घड्याळ, कमाल मर्यादा एक मिनिट तीस सेकंद. दीड मिनिट संपलं. पडदा काळा. ‘यू आर इन इमर्जन्सी मोड.’

मला दरदरून घाम फुटला असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर आधी राग आला. भाच्यावर, कारण तो बरोबर ठरला होता. त्याला फोन करायचा नाही एवढं ठरवून मी पडद्यावर आलेली ती लांब ओळख कागदावर लिहून घेतली आणि वहीतल्या जुन्या नोंदींशी ताडून बघितली. माझ्या उबंटूची नव्हतीच ती. ती विंडोजच्या पार्टिशनची होती.

तेव्हा आठवलं. दोन वर्षांपूर्वी मीच एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये एक ओळ घातली होती, मशीन सुरू झालं की सी ड्राइव्ह आपोआप उबंटूत जोडला जावा म्हणून. उबंटू इमानदारीनं ती ओळ वाचत होतं, नसलेल्या पार्टिशनची दीड मिनिट वाट बघत होतं आणि ते येत नाही म्हटल्यावर काहीतरी मोठा बिघाड झाला असं समजून थांबत होतं. ओळीत ‘नोफेल’ हा एक शब्द असता तर त्यानं तिकडे दुर्लक्ष केलं असतं. माझी स्वतःची फाइल सिस्टिम ठणठणीत होती.

एंटर दाबून आत शिरले, नॅनो या साध्या संपादकात ती फाइल उघडली, ओळीच्या सुरुवातीला # टाकला, म्हणजे उबंटू ती वाचणार नाही, जतन केलं, मशीन पुन्हा सुरू केलं. आलं. डेस्कटॉपवर मांजराचा फोटो दिसला आणि बाहेर दाराशी खरं मांजर ओरडत होतं.

जागेचा हिशोब दाखवणारी डीएफ कमांड दिली: एकूण २३४ जीबी, वापर ३७ टक्के. आदल्या दिवशी तिथे ९७ होते. मी तो पडदा फोनमध्ये काढून भाच्याला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. इमर्जन्सी मोडचं त्याला चार दिवसांनी सांगितलं.

एक भूत मात्र उरलं होतं. मशीन सुरू करताना मेनूत ‘विंडोज बूट मॅनेजर’ अजून दिसत होता. निवडला तर निळा पडदा आणि काहीतरी सापडत नाही अशी तक्रार. ग्रबचा मेनू नव्यानं बनवला, तरी ती ओळ परत हजर. याचं कारण त्या शंभर एमबीच्या तुकड्यात होतं. तिथे उबंटूच्या फोल्डरशेजारी मायक्रोसॉफ्टचं फोल्डर जसंच्या तसं होतं आणि ग्रबचा शोधक ते बघून ‘आहे, विंडोज आहे’ असं ठरवत होता. दारावरची पाटी बघून पोस्टमन पत्र टाकतो, आत राहतं कोण ते त्याला काय माहीत. ते फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर उतरवलं, मग पुसलं. ‘बूट’ नावाचं तिसरं फोल्डर होतं, त्याला मुद्दाम हात लावला नाही. काही मशीनांचं फर्मवेअर दुसरं काही न सापडल्यास तेच शोधतं. फर्मवेअरच्या स्वतःच्या यादीतली विंडोजची नोंद ईएफआयबूटमॅनेजर या कमांडनं काढली. तिथे नोंदींना चार आकडी नंबर असतात. उबंटूचा कुठला आणि विंडोजचा कुठला हे मी तीनदा वाचलं.

त्यानंतर मेनू दिसायचाच बंद झाला. एकच सिस्टिम असली की विचारायचं काय? पाच वर्षांत पहिल्यांदा लॅपटॉप मला काहीही न विचारता सुरू झाला, आणि मी सवयीनं खाली जाण्याचं बटण दाबत राहिले.

दुसऱ्या दिवशी २४.०४ वर गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, झालं.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका लेखिकेचा फोन आला. तिच्या पहिल्या कवितासंग्रहाची नवी आवृत्ती निघणार होती आणि जुन्या आवृत्तीच्या वेळी तिनं फोनवर सांगितलेल्या काही दुरुस्त्या छापायच्या राहून गेल्या होत्या. ‘तुम्ही लिहून घेतल्या होत्या ना ताई?’ घेतल्या होत्या. कुठे, तेही लख्ख आठवलं: विंडोजच्या पडद्यावर उजवीकडे चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर. स्टिकी नोट्स.

मी डेस्कटॉप उतरवला होता, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो, सगळं. पण त्या चिठ्ठ्या दिसतात डेस्कटॉपवर आणि राहतात दुसरीकडेच, ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डराच्या पोटात, ‘प्लम’ नावाच्या एका छोट्याशा डेटाबेस फाइलमध्ये. तिथे मी फिरकलेच नव्हते.

क्लोनझिलाची प्रतिमा साध्या फोल्डरासारखी उघडून आत डोकावता येत नाही. ती तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या पार्टिशनवर उतरवावी लागते. एक टीबीची डिस्क घेऊन मी पुण्याची एसटी पकडली. तसंही बहिणीकडे जायचंच होतं. भाच्यानं ती प्रतिमा त्याच्या एका पडून असलेल्या डिस्कवर उतरवली, प्लम फाइल शोधली, उघडली. आम्ही दोघं पडद्याकडे वाकून बघत होतो.

सात चिठ्ठ्या होत्या. एकीवर गॅसचा ग्राहक क्रमांक. एकीवर ‘दूध: मार्चचे ३१० बाकी’. एकीवर फक्त ‘विचार!’ एवढंच, कुणाला आणि काय, ते नाही. पाचवी त्या लेखिकेची होती. ‘पान ३४, ओळ ६: “वार्‍यावर” नको, “वाऱ्याशी” हवं.’

भाचा म्हणाला, ‘मावशी, हाच तो शब्द ना?’

मी त्याला म्हटलं, तेवढी एक ओळ मला व्हॉट्सॲप कर आणि ही डिस्क अजून पुसू नकोस.